गाव विचारायला मनाई

मी काय काम करते असं कुणी विचारलं आणि मी खरं सांगितलं, की समोरचा माणूस आधी दाराकडे बघतो. मी आता पिशवीतून एखादा कागद काढणार, निदान डोळे मिटून प्रार्थना तरी सुरू करणार, अशी त्याला धास्ती असते. म्हणून दिवाळी अंकाच्या वाचकांना सुरुवातीलाच सांगते, निवांत बसा. लेखाच्या शेवटी कुठेही सही करायची नाही.

मी सुवार्ताकार्याची, म्हणजे येशूचा संदेश लोकांपर्यंत पोचवण्याच्या कामाची, संघटक आहे. आमची चर्चं अँग्लिकन परंपरेतली. इंग्रज गेले, बिशप आपले झाले, उपासना मराठीत होते आणि वेळेवर सुरू होण्याची परंपरा मात्र इंग्रजांबरोबरच गेली. एका चर्चच्या सगळ्या माणसांना मिळून आम्ही ‘मंडळी’ म्हणतो. माझ्याकडे अशा तीन मंडळ्या आहेत. अंबरनाथची सगळ्यांत जुनी, ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला आलेल्या कामगारांनी उभी केलेली. दुसरी उल्हासनगरची, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून वाढलेल्या आणि अजून ‘कॅम्प’ नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या शहरातली. तिसरी बदलापूरची, हेंद्रेपाड्यात एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये भरणारी, जिथे वेदीच्या मागच्या फळ्यावर शनिवारचं त्रिकोणमितीचं गणित तसंच असतं.

मी स्वतः सुवार्ता फारशी सांगत नाही. चर्चमधल्या माणसांनी चार भिंतींबाहेर पडावं, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलावेत, कुणी दारात आलं तर त्याला आत घ्यावं, म्हणून त्यांच्या मागे लागणं हे माझं काम. रोज चालायला जा म्हणून सांगणाऱ्या डॉक्टरसारखं. सगळे मान डोलावतात आणि सोमवारपासून नक्की म्हणतात.

ह्या कामाला मी आले ती पत्रिकांच्या वाटेने. पप्पा ऑर्डनन्समध्ये टर्नर. संध्याकाळी जेवणं आटोपली की आमच्या ओट्यावर पत्रिकांच्या घड्या घालायचं काम चाले. पत्रिका म्हणजे चार पानी छापील कागद, वर दरडावणारा मथळा, खाली बायबलचं वचन. मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘आज की उद्या?’ आणि ‘तू कोणाला फसवतोस?’ असल्या मथळ्यांवर. अशा घरात वाढलेल्या मुलीला एक खोड लागते. जगातली प्रत्येक गोष्ट चार पानांत आणि उद्गारचिन्हावर संपली पाहिजे असं तिला वाटतं. मी तिशीला आले, तरी ती खोड पुरती गेलेली नाही. हा लेख वाचताना ते लक्षात येईलच.

कामाची चव कळावी म्हणून दोन प्रसंग सांगते.

चिखलोलीला नवे टॉवर झाले तेव्हा बदलापूरच्या मंडळीतल्या तरुणांना घेऊन मी नाताळाची आमंत्रणं वाटायला गेले. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, “डिलिव्हरी?” मी म्हटलं, “नाही, आमंत्रण आहे.” तो म्हणाला, “कोणाच्या लग्नाचं?” मी म्हटलं, “लग्न नाही, वाढदिवस.” त्याने रजिस्टर पुढे केलं. “मग ज्याचा वाढदिवस आहे त्याचा फ्लॅट नंबर सांगा, मी इंटरकॉम करतो.” आमचे तरुण एकमेकांना पुढे ढकलू लागले. शेवटी वॉचमननेच एक आमंत्रण मागून घेतलं आणि नाताळला तोच एकटा आला, ड्यूटीच्या कपड्यांत, शिट्टी गळ्यात.

दुसरा प्रसंग मी हसत सांगू शकत नाही. अंबरनाथची मंडळी थंडीत वांगणीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर चादरी वाटायला गेली. चांगलं काम, मनापासून केलेलं. चादरी वाटून झाल्या आणि आमच्यातल्या एकाने पेटी काढली, गाणं सुरू केलं, मागोमाग संदेश द्यायचा बेत होता. पुढे बसलेली एक म्हातारी चादर मांडीवर घेऊन सरळ विचारती झाली, “चादर देली, आता काय आमी बी गानी म्हनायची का?”

मी तिथल्या तिथे पेटी बंद करायला लावली. परतताना टेम्पोत भांडण झालं. मी म्हटलं, देणं आणि सांगणं एका दिवशी होणार नाही. हातात चादर देऊन कानात वचन घालणं म्हणजे त्या बाईच्या थंडीचा सौदा आहे. आमिष दाखवून मिळालेला बाप्तिस्मा मला नको, आणि आम्ही जिथे जातो तिथे आमिषच घेऊन जातो हा सरसकट आरोपही मी ऐकून घेणार नाही. दोन्ही गोष्टी मी त्याच आवाजात बोलते, त्यामुळे मला दोन्हीकडे मित्र कमी आहेत.

आता उल्हासनगरची गोष्ट.

तिथल्या मंडळीचे सेक्रेटरी शिरसाठकाका. रेयॉनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. दर रविवारी उपासना संपली की ते दारात उभे राहतात आणि नवा चेहरा दिसला की विचारतात, “सलाम. कुठले तुम्ही?”

सलाम म्हणजे आमच्यातला नमस्कार. बाहेरच्यांना पुढच्या प्रश्नाचं वजन मात्र कळायचं नाही. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं थोडी आणि विखुरलेली. नगर, जालना, संगमनेर, मनमाड अशा मिशनच्या गावांहून आमचे आजे-पणजे कामासाठी मुंबईच्या बाजूला आले. त्यामुळे कुठले म्हटल्यावर नगर, नगरमध्ये कोणतं चर्च, तिथले अमुक मास्तर तुमचे कोण, असं करत काका पाच मिनिटांत नातं शोधतात. चहाचा कप संपायच्या आत पाहुणा कुणाचा तरी मावसभाऊ ठरतो. किती लग्नं ह्या दारात जमली, किती पोरांना नोकऱ्या लागल्या, शहरात एकटा पडलेला माणूस किती वेळा ह्याच दारात आपल्या माणसांत आला. हे मला ठाऊक आहे. ह्या प्रश्नाची मी कधीच थट्टा केली नाही.

पण एका रविवारी त्या दारात मोहिनी लालवाणी उभ्या होत्या.

वय साठीच्या पुढेमागे, सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी. कॅम्प चारमध्ये त्यांचं परकर आणि गाऊन शिवण्याचं छोटं युनिट. त्या येण्यामागे आमच्या मंडळीतल्या नर्स, प्रमिला सिस्टर होत्या. मोहिनीताईंचे पती गोपसेठ बायपाससाठी हॉस्पिटलात होते. ड्रेसिंग करताना प्रमिला सिस्टर नेहमी एक गीत गुणगुणत. मोहिनीताईंनी विचारलं, “सिस्टर, पूरा गाना क्या है?” सिस्टर म्हणाल्या, “रविवारी चर्चमध्ये या, सगळी कडवी ऐका.” सहा वर्षं मी माणसांना बाहेर पडायची भाषणं दिली. प्रमिला सिस्टरनी जखम पुसता पुसता एक वाक्य सांगितलं आणि बाई आल्या.

त्या रविवारी नेमकी सिस्टरची ड्यूटी होती. त्यामुळे मोहिनीताईंना ओळखणारं चर्चमध्ये कुणीच नव्हतं. त्या शेवटच्या बाकावर पूर्ण वेळ बसल्या. उठून निघाल्या तेव्हा दारात काका होतेच.

“सलाम. कुठले तुम्ही?”

“कॅम्प चार.”

“हो हो. पण मूळचे?”

“मूळचे... सिंध.”

काका थबकले, पण हार मानणारे नव्हेत. “सिंधमध्ये कोणतं मिशन होतं?”

“मिशन नाही माहीत. बाजार होता.”

“म्हणजे माहेर? माहेर कुठलं? नगरकडे कुणी?”

“नगर में तो कोई नहीं, भाऊ.”

काकांच्या चेहऱ्यावर एक दार हळूच लागलं. राग नव्हता, तुच्छता तर नव्हतीच. त्यांच्याकडचा धागा संपला एवढंच. ते म्हणाले, “बरं, बरं. येत जा,” आणि मागच्या माणसाकडे वळले. तो मनमाडचा निघाला. मोहिनीताई क्षणभर उभ्या राहिल्या, चपला घातल्या आणि गेल्या. मी चहाच्या टेबलावरून गर्दी ओलांडून दारात पोचले तोवर त्यांची रिक्षा निघाली होती.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

प्रमिला सिस्टरकडून पत्ता घेऊन मी त्यांच्या युनिटवर गेले. मशीनच्या आवाजात त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि हसून म्हणाल्या, “बेटा, मी बसायला आले होते. तुमचे ते काका तर रिश्ता जमवायला निघाले.”

“ते तसे नाहीत, ताई.”

“अरे, चांगले आहेत. इतक्या प्रेमानं कोण विचारतं? पण मला कळलं ना, इथे ज्याचं गाव आहे त्याचीच खुर्ची आहे.” मग कापडाची घडी मोडत त्या म्हणाल्या, “गाणं मात्र छान होतं. चार कडवी ऐकली. पाचवं होतं का?”

मी त्या दिवशी घरी आले ती पेटून. ह्या बाईला जर आमच्यात जागा नसेल, तर मी तीन गावांत फिरून लोकांना कशासाठी जागं करते? एक बाई स्वतःच्या पायांनी दारापर्यंत आली आणि आम्ही तिला नकाशा दाखवायला सांगितलं. ती परत आली नाही तर माझं सगळं काम म्हणजे ओट्यावरच्या घड्या.

पुढच्या कमिटीत मी ठराव मांडला. नव्या माणसाला पहिला महिनाभर गाव विचारायला मनाई.

मग काका म्हणाले, “मग विचारायचं काय? हवामान?”

“नाव विचारा ना, काका.”

“नाव विचारलं की आडनाव येतं. आडनाव आलं की गाव येतं. मधेच ब्रेक कसा लावू?”

“लावायचा.”

“सलोमी, तुझ्या आईबाबांचं लग्न ह्याच प्रश्नावर जमलंय. मीच विचारला होता.”

सगळे हसले. मी हसले नाही. मार्थाकाकू, म्हणजे काकांच्याच पत्नी, मला म्हणाल्या, “होऊ दे गं ठराव. चाळीस वर्षांत ह्यांना कुणी गप्प केलं नाही, मला तरी बघायचंय.” त्यांच्या मतावर ठराव झाला.

आणि मग जे झालं ते माझ्या कुठल्याच पत्रिकेत बसत नव्हतं. गाव विचारायचं नाही म्हटल्यावर आमच्या माणसांना बोलताच येईना. नवीन कुणी आलं की पाचसहा जण त्याच्याभोवती गोळा होत, हसत, पुन्हा हसत आणि “चहा घ्या” म्हणत. एका रविवारी तर खरोखरचा नगरचा पाहुणा आला. त्याला कुणी गाव विचारीना. तो आपणहोऊन म्हणाला, “आमच्याकडे नगरला...” आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी हवालदार. तो माणूस जाताना मला म्हणाला, “फार कोरडी मंडळी आहे हो तुमची.” काका दोन पावलांवर उभे होते. त्यांनी खिशातली पेनं नीट केली.

त्याच सुमाराला प्रमिला सिस्टर निरोप घेऊन आल्या. गोपसेठ घरी आले होते. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता. बोलत नव्हते, जेवत नव्हते. मोहिनीताई विचारत होत्या की चर्चची माणसं घरी येऊन ते गाणं म्हणतील का.

खास कमिटी भरली. ह्या बैठकीबद्दल मला सरळ लिहायचंय, कारण बाहेरचे लोक आम्हाला फार धीट समजतात. आम्ही घाबरलेले होतो. लालवाणींचं घर जुन्या बॅरेकमध्ये. एका रांगेत घरं, सगळी दारं एकाच गल्लीत उघडणारी. आतलं गाणं शंभर कानांना ऐकू जाणार. घरात एक पुतण्या, जितू, तापट म्हणून प्रसिद्ध.

“कुणी व्हिडिओ काढला तर?” काका म्हणाले. “खाली लिहिलं, आजारी माणसाचं धर्मांतर करताना पकडले. मग?”

“आपण काही चुकीचं करत नाही ना?” मी म्हटलं.

“पोरी, तुला नोटीस आली तर तू लेख लिहिशील. मला आली तर माझी बीपीची गोळी वाढेल.”

मी भडकले. म्हटलं, आपल्याला बोलावलंय, आपण घुसत नाही आहोत. एका बाईने आपल्याकडे काही मागितलं असेल तर फक्त एक गाणं. तेही आपण भीतीपोटी देणार नसू तर रविवारी इतक्या मोठ्याने म्हणतो कशाला? अजून बरंच बोलले. ते छापण्यासारखं नाही.

मार्थाकाकूंनी मला हाताने थांबवलं आणि नवऱ्याकडे वळल्या. “अहो, माणूस आजारी आहे. आपण गाणं म्हणायला चाललोय, बँक लुटायला नाही.”

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, तोवर ऐकत होते. ते म्हणाले, “जायचं. पण उजेडी. दार सताड उघडं ठेवून. प्रार्थना गोपसेठनी हो म्हटलं तरच. आणि सलोमी, पत्रिका नाहीत. एकही नाही.”

पत्रिका नाहीत! मी ते पप्पांना सांगितलं तेव्हा मला वाटलं त्यांना लागेल. ते चष्मा पुसत म्हणाले, “पत्रिका म्हणजे ज्याला येता आलं नाही त्याची चिठ्ठी. तुम्ही स्वतः जाताय ना? मग चिठ्ठी कशाला?”

रविवारी चारच्या सुमारास आम्ही बॅरेकच्या गल्लीत शिरलो. पाळकसाहेब, काका-काकू, प्रमिला सिस्टर आणि मी. दोन्ही बाजूंना पापड सुकत होते, बायका दारात बसल्या होत्या. काकांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती, पण पाय मागे पडत नव्हते.

दारात जितू उभा होता. पंचविशीचा, हातात मोबाइल. “किसने बुलाया आप लोगों को?”

आतून आवाज आला, “मैंने बुलाया. रस्ता सोड आणि पाणी आण.”

तो बाजूला झाला, पण मोबाइल वर धरून. कॅमेरा चालू होता.

मोहिनीताईंनी आधी पापड आणि पाणी पुढे केलं. सिंधी घरात पाहुण्याला तेच पहिलं मिळतं. दिवाणावर गोपसेठ, तोंड भिंतीकडे. वर सिंध्यांचा देव झूलेलाल ह्याचा फोटो, त्याला ताजा हार. आम्ही पाचजण पापड हातात धरून बसलो. मोडला तर आवाज होईल म्हणून कुणी मोडेना. कुणी बोलेना. महिनाभराच्या मनाईने आमची जीभच गेली होती आणि ती मनाई माझी होती.

मग काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. परवानगी मागितल्यासारखं नाही, कळवल्यासारखं. दिवाणाकडे वाकून, सिंधी रीतीने मान देत, ते म्हणाले, “साईं, कुठले तुम्ही?”

मला जमिनीत जावंसं वाटलं.

मग भिंतीकडून आवाज आला, “शिकारपूर.”

गोपसेठ हळूहळू कुशीवर वळले. “माझा बाप शिकारपूरचा. मी इथला. ह्याच बॅरेकमध्ये जन्मलो.”

“मग शिकारपूर पाहिलंय का?”

“कुठून पाहणार? बाप सांगायचा. वरून झाकलेला बाजार. उन्हाळ्यात पण थंडा. आमचं लोणच्याचं दुकान. फाळणीत निघाला तेव्हा बरण्या भरलेल्या तशाच ठेवून आला. मरेपर्यंत बोलत होता, त्या बरण्या कोणी खाल्ल्या असतील?” ते थांबले, दम घेतला. “सत्तर साल का हो गया मैं. लोक विचारतात कितने का माल है, कौन से कॅम्प में है. कुठले, असं कुणी विचारलंच नाही.”

काका खुर्ची ओढून जवळ सरकले. “आम्ही संगमनेरचे म्हणतो, साईं. पण तिथे आमची एक वीट नाही. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावकीचं काम बंद झालं, बलुतं बंद झालं, राहतं घर सोडावं लागलं. मिशनच्या आवारात येऊन राहिले. मी ते गाव एकदाच पाहिलं, एसटीच्या खिडकीतून. गाव असलेल्या माणसाला असं विचारत फिरावं लागत नाही. मी म्हणूनच विचारतो.”

इतकी वर्षं मी हा माणूस पाहत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं. मार्थाकाकू खाली बघत होत्या. त्यांना ठाऊक होतं.

मग काका मोहिनीताईंकडे वळले. “वहिनी, त्या दिवशी मी विचारलं, पण ऐकायला थांबलो नाही. माझं चुकलं.”

“आज थांबलात ना,” मोहिनीताई म्हणाल्या. “पापड खा, नरम होईल.”

काकांनी पापड मोडला. केवढा आवाज झाला! गोपसेठना हसू आलं. त्यांनीही बशीतला एक तुकडा उचलला. जितूने मोबाइल खाली केला नव्हता, पण तो आता आमच्याकडे नव्हता. तो चाचाच्या तोंडासमोर धरलेला होता. “चाचा, वो बाजार वाला फिर से बोलो ना,” तो म्हणाला. “पापा ने तो कभी नहीं बताया.” आम्हाला ज्या व्हिडिओची भीती होती, तो असा निघाला.

त्यानंतर आम्ही गायलो. पाचही कडवी. दारात बायका येऊन उभ्या राहिल्या. गीत संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, “साईं, प्रार्थना केली तर चालेल?”

गोपसेठ म्हणाले, “करा. हाथ जोड़ने पे कौन सा टैक्स है? पर एक बात साफ. मी झूलेलालचा आहे, कुठे जाणार नाही.”

“आम्ही न्यायला आलो नाही,” पाळकसाहेब म्हणाले.

“मग ठीक. आणि गाणं एक और.”

पत्रिका असती तर इथे मोठ्या अक्षरात ‘चमत्कार!’ छापलं असतं आणि पप्पांनी त्याच्या हजार घड्या घातल्या असत्या. मी छापणार नाही. गोपसेठना सर्जनने वाचवलं, बायकोने सांभाळलं. आम्ही जे केलं त्याला मी अजून नाव शोधते आहे. त्या रात्री त्यांनी खिचडी खाल्ली, एवढं प्रमिला सिस्टरनी फोनवर सांगितलं.

मनाईचा ठराव मी स्वतःच मागे घेतला. त्याऐवजी एकच अट घातली. विचारा हवं ते, पण उत्तर पुरं होईपर्यंत हलायचं नाही. काका म्हणाले, “हे जास्त अवघड आहे.” आहेच. परवा ते एका आगरी रिक्षावाल्यापाशी इतका वेळ उभे होते की त्यांचा चहा दुसराच कुणीतरी प्यायला.

मोहिनीताई येऊ लागल्या. पुढच्या बाकांवर, मार्थाकाकूंच्या शेजारी बसतात. गोपसेठ येत नाहीत. पण महिन्यातून एकदा त्यांच्या गल्लीत गाण्याची बैठक होते आणि तिथे आधी त्यांचं एक सिंधी भजन म्हणावं लागतं. काका ते इतकं बेसूर म्हणतात की सगळी गल्ली ऐकायला येते. वरच्या, म्हणजे बिशपच्या ऑफिसातून मला विचारणा होते, ह्या बाईंचा बाप्तिस्मा कधी? मी एकदा मोहिनीताईंना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, “अभी सुन रही हूँ.” वरच्यांना मी तेच उत्तर कळवते, हिंदीतच.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी बदलापूरला होते. हेंद्रेपाड्यातली उपासना आटोपली होती, मी हॉलमध्ये खुर्च्या गोळा करत होते. काकांचा फोन आला.

“सलाम. आम्ही कॅम्प पाचला निघालोय.”

“कशाला?”

“मोहिनीवहिनींच्या युनिटमध्ये एक कारागीर आहे, यूपीचा. त्याच्या पोरीला डेंग्यू झालाय. इथे त्यांचं कुणी नाही. वहिनी डबा करून बसल्यात, रात्रीला कोण थांबणार ते ठरवायचंय. प्रमिला हॉस्पिटलात बोललीय.”

मी सवयीने सुरू झाले. “पाळकसाहेबांना विचारलंत? किती जण आहात? आज नुसतं मदतीचं बघा हं, काका, गाणं-प्रार्थना काही नको. आणि मला आधी कळवायचं ना, मी काहीतरी आखलं असतं...”

पलीकडून मोहिनीताईंचा आवाज आला, “भाऊ, चलो ना, डब्बा ठंडा हो रहा है. फोन बाद में.”

“ऐकलंस?” काका म्हणाले. “बाई उभं राहू देत नाहीत. गाण्याचं आम्हाला कळतं गं, तू शिकवलंयस. तू मागाहून ये, नाहीतर नको येऊस. आम्ही निघालो.”

फोन बंद झाला. मला आधी राग आला. मी संघटक, आणि मला न विचारता मंडळी निघाली? मग मी हातातल्या खुर्चीवरच बसले. सहा वर्षं ज्यांना ढकलत होते, ते आज मला न विचारता निघाले होते.

मी गेले नाही. खुर्च्या एकात एक रचल्या, हॉलला कुलूप लावलं, घरी येऊन जेवले आणि झोपले. नोकरी लागल्यापासून रविवारी दुपारी मी पहिल्यांदाच झोपले, आणि चांगली गाढ झोपले.